थंड कोंबडीचे दिवस

सोमवार, ४

डॉक्टर म्हणाले, महिनाभर रोज काय खाल्लं ते वहीत लिहा, मग बघू तुमचं पित्त येतं कुठून. मी म्हटलं, डॉक्टर, मी फर्निचरला पॉलिश करणारा माणूस, लिहिण्याचा आणि माझा छत्तीसचा आकडा. ते म्हणाले, मग एका कपाटाला पॉलिशचे किती हात दिले ते लक्षात कसं ठेवता? म्हटलं, दाराच्या मागे खडूने रेघा मारतो. म्हणाले, तशाच रेघा मारा, अक्षरांच्या. आणि खाताना मनात काय होतं तेही लिहा, पित्त पोटापेक्षा डोक्यातून जास्त येतं.

तर लिहितो. सकाळी चहा, ब्रेड. दुपारी कामावरच्या खानावळीत भात. संध्याकाळी थंड चिकन.

या थंड चिकनचा खुलासा केला पाहिजे. चोवीस वर्षं आमच्या घरी संध्याकाळी गरम जेवण होतं. ही कारखान्यातून यायची, पर्स खुंटीला, पदर खोचून सरळ शेगडीपाशी. गेले बारा दिवस संध्याकाळी गॅस पेटलेला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजलेलं चिकन आणते, हाताने सोडवते, त्यात घट्ट दही, मोहरीची पेस्ट, काकडी, कांदा, मिरपूड, लिंबू. कालवलं की झालं. सोबत ब्रेड. सॅलड म्हणे. दहा मिनिटांत जेवण तयार.

मी विचारलं, "अगं, गॅस संपलाय का?"

"नाही हो. दमते मी आता. रोज गरमच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नाही कुठे, हे खरं. पण माझ्या पोटाला ते पाठ आहे त्याचं काय?

मंगळवार, ५

संध्याकाळी थंड चिकन. मोहरी इतकी की डोळ्यांतून पाणी. हिच्याही डोळ्यांत पाणी, पण ही खूश. म्हणाली, "आज कसं, काहीतरी लागलं जिभेला." कांदा कचाकचा चावून खाते हल्ली. पूर्वी कच्च्या कांद्याकडे बघून नाक मुरडायची.

गुरुवार, ७

आज एक विचित्र गोष्ट झाली आणि मला ती उलगडत नाही.

आमच्या घरात एक कायदा आहे. मी कामावरून आलो की दाराबाहेरच कामाचे कपडे काढून डब्यात टाकायचे, डब्याला झाकण, आणि मी सरळ न्हाणीघरात. स्पिरिट आणि टर्पेंटाइनचा वास घरात आला तर ही घर डोक्यावर घेते. तिचंही बरोबर आहे म्हणा. साबणाच्या कारखान्यात ती वास तपासते. बावीस वर्षं. नवा साबण निघाला की आधी हिच्या नाकाखालून जातो, मग बाजारात. मी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर असलो तरी आतून ओरडायची, "अहो, आधी कपडे!" शेजारपाजारचे त्यावरून घड्याळ लावायचे.

तर आज एका जेवणाच्या टेबलाची घाई होती. टर्पेंटाइनची अर्धी बाटली सदऱ्यावर सांडली. असा दमलो होतो की कपड्यांचं विसरलोच, आत येऊन खुर्चीत बसलो, जेवायला लागलो. निम्मं जेवण झाल्यावर लक्षात आलं. घास तोंडातच राहिला. म्हटलं, आता फुटेल बॉम्ब.

ही समोर बसलेली, हातभर अंतरावर. मला म्हणाली, "ब्रेड देऊ अजून?"

आधी वाटलं, चला, सुटलो. मग आंघोळ करताना वाटलं, सुटलो म्हणजे काय? बायकोने ओरडणं सोडलं म्हणजे आपण तिच्या हिशेबातच राहिलो नाही की काय?

पित्त: आहे. घशापर्यंत.

शनिवार, ९

सकाळी चहा. चहाचंही सांगतो. पूर्वी चहा उकळत ठेवून ही चार कामं करायची आणि दूध वर यायच्या आत बरोबर हजर. आता शेगडीसमोरून हलत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायासारखी उभी. चहा गाळला की गॅसची कळ बंद, सिलेंडरची कळ बंद, मग पुन्हा एकदा दोन्हींना हात लावून बघते. मी म्हटलं, "पळून नाही जात तो." हसली नाही.

फ्रिजमधल्या डब्यांवर चिकटपट्ट्या आल्यात. त्यावर तारखा. दही, ७. चिकन, ८. आणि आज चिकनचा डबा उघडून माझ्या तोंडापुढे धरला.

"वास घेऊन सांगा, बरंय ना?"

"मी? सूर्याला काजव्याने वाट दाखवायची?"

"सांगा ना हो."

मी हुंगलं. बरं होतं. तसं सांगितलं. तरी म्हणते, "नक्की? पुन्हा घ्या." दुधाचंही तेच. मी चोवीस वर्षं ऐकत आलो की स्पिरिटने माझं नाक मेलंय, आणि आता एकदम मला बढती.

लेकीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी शिकते. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, आई तुम्हाला स्वयंपाकघरात ओढतेय. चांगलं आहे. शिका काहीतरी." शिकलो असतो, पण हुंगायला शिकून काय उपयोग?

सोमवार, ११

संध्याकाळी थंड चिकन. आज सफरचंद घातलं होतं, बरं लागलं. कुणाला सांगणार नाही.

थोरले मिस्त्री आज आमच्या फर्निचरच्या दुकानात आले होते. मला पॉलिश यांनीच शिकवलं. डोळे अधू झाल्यापासून घरीच असतात. येऊन एका कपाटावरून हात फिरवत राहिले, अर्धा तास, आणि गेले. जेवताना हिला सांगितलं. म्हटलं, "वाईट वाटतं गं, पण हत्यार गेलं की कारागीर संपला. आता मिस्त्री म्हणजे नुसतं बसवून ठेवायचं माणूस."

हिचा चमचा ताटात पडला. म्हणाली, "संपला म्हणजे?"

"संपला म्हणजे संपला. त्यात काय?"

ही उठली आणि ताट धुवायला गेली. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. मिस्त्रींचा हिला एवढा कळवळा कधी नव्हता. त्यांच्या विडीच्या वासावरून लग्नात किती बोलली होती त्यांना!

बुधवार, १३

हे पान डॉक्टरांसाठी नाही. पिन मारून बंद करीन.

मी न्हाणीघरातून बाहेर आलो तर ही गॅलरीत फोनवर, पाठमोरी. दबक्या आवाजात. मी ऐकायला गेलो नव्हतो, पण कान काय खिशात ठेवता येतात?

म्हणाली, "उद्या चिठ्ठी आधीच देऊन ठेव. मी आल्या आल्या. नाही, कुणाला कळता कामा नये. यांनाही नाही." मग जरा थांबून, "किती दिवस चालणार असं, मलाच कळत नाही."

मी टॉवेल घेऊन तसाच उभा. अंगावरचं पाणी वाळून गेलं.

यांना म्हणजे मला. मला काय कळता कामा नये?

जेवण: थंड. चव आठवत नाही.

गुरुवार, १४

खिळ्याला विचारलं. खिळ्या म्हणजे आमच्याकडचा सुतार. खिळे तोंडात धरून बोलतो म्हणून नाव पडलं. मी आपलं एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली.

खिळ्या म्हणाला, "तुझ्या या मित्राची बायको ओरडायची बंद झाली?"

"हो."

"गरम जेवण बंद?"

"हो."

"आणि चिठ्ठ्या?"

"हो रे बाबा."

त्याने तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. असं तो क्वचित करतो. म्हणाला, "मित्राला सांग, बायको ओरडते तोवर संसार तिचा. गप्प झाली की पाहुणा समजायचं स्वतःला."

"पण पन्नाशीला आलेली बाई, चिठ्ठ्या कोण लिहितं तिला?"

"ते मला काय विचारतोस? तुझ्या मित्राला विचार," म्हणाला, आणि खिळे पुन्हा तोंडात.

खिळ्याची अक्कल गुडघ्यात आहे हे मला माहीत आहे. तरी दिवसभर तेच डोक्यात. एका खुर्चीला एक हात जास्त दिला, रंग काळा पडला, सगळं खरवडून काढावं लागलं.

रविवार, १७

निशिगंधाची फुलं आणली. हिला निशिगंध जीव की प्राण. लग्नानंतर पहिल्यांदा आणली तेव्हा डोळे मिटून म्हणाली होती, "कालची आहेत. पाणी मारून ताजी केलीत फुलवाल्याने." मी जाऊन त्या फुलवाल्याशी भांडून आलो होतो.

आज हातात दिली. ओंजळीत धरून नाकापाशी नेली. बराच वेळ. मी बघत होतो. तिचा चेहरा मला वाचता येईना. काहीतरी शोधल्यासारखा. मग म्हणाली, "छान आहेत."

बस. छान आहेत.

फुलं पाण्यात ठेवून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. पंधरा मिनिटं. बादली एवढी मोठी नाही आमची.

माझ्या फुलांनीही रडू येतं तिला आता. चोवीस वर्षांत मी हिच्याशी खोटं वागलो नाही, दारू नाही, काही नाही. मग माझं चुकलं कुठे? कुणी तरी सांगा मला. डोळ्यावर पट्टी बांधून कुणी फिरवावं तसं झालंय.

मंगळवार, १९

डॉक्टरांकडे वही दाखवायला गेलो. मधली पानं पिना मारून बंद केली होती. डॉक्टरांनी शांतपणे नखाने पिना काढल्या. मी म्हटलं, "डॉक्टर, ते खाजगी आहे." ते म्हणाले, "पित्त पण खाजगीच असतं."

वाचत बसले. मध्येच मागची पानं पुढे, पुढची मागे. मला वाटलं दही बंद करतील किंवा मोहरी. तर विचारतात काय?

"बाईंना मध्यंतरी ताप वगैरे?"

"आला होता. गेल्या महिन्यात. आठवडाभर सर्दीताप. बरी झाली की पण."

"बऱ्या झाल्यावर घरात काही जळलं?"

मी चकित. म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं? भाताचं पातेलं. कोळसा झाला पार. मला जिन्यात वास आला आणि ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेली. मी म्हटलं लक्ष कुठे आहे तुझं, तर रडली. पातेल्यासाठी कुणी रडतं का?"

डॉक्टर वही मिटून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाईंना एकदा घेऊन या."

"पण पित्त मला आहे!"

"तुम्हीही या. सोबत."

आता माझ्या पित्ताचा आणि तिच्या सर्दीचा काय संबंध? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. औषधही दिलं नाही. म्हणाले, "संध्याकाळचं ते थंड जेवण चालू द्या, चांगलंच आहे. मोहरी तेवढी कमी." एक पेशंट नेला तर दोन मागतात. मी हिला काही सांगितलं नाही.

गुरुवार, २१

अक्षर लागणार नाही, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आज मी लवकर घरी आलो. थंड चिकनचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर राग होता. म्हटलं, ही नाही करत तर आपण करू. गरम दूध तरी पिऊ. दूध शेगडीवर ठेवलं. तेवढ्यात खालून खिळ्याने हाक मारली, एका दिवाणाची मापं हवी होती. खाली गेलो. आणि खिळ्या एकदा बोलायला लागला की दहा मिनिटांचं अर्ध्या तासावर जातं. दूध साफ विसरलो.

ही कारखान्यातून आली, आमच्या समोरून जिना चढून गेली. मी "आलोच" म्हटलं. दोन-तीन मिनिटांनी मीही निघालो. पहिल्या वळणावर वास आला. गॅसचा. दुसऱ्या वळणावर असा की घसा धरला.

मग मला आठवत नाही मी कसा चढलो. दार उघडलं तर स्वयंपाकघरात अंधारून आलेलं, खिडकी बंद, दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, आणि आतमध्ये ही. पर्स टेबलावर, चिकनची पिशवी टेबलावर, आणि हिचा हात दिव्याच्या बटणाकडे चाललेला.

"हात लावू नकोस!" मी असा ओरडलो की ती भिंतीला चिकटली.

मी कळ बंद केली, सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती म्हणत होती, "काय झालं? अहो, काय झालं काय? चोर आहे का?"

"गॅस! सगळं घर भरलंय गॅसने! तुला वास नाही आला?"

ती जिन्यात उभी, तोंडावर हात. मग खाली पायरीवरच बसली. मीही बसलो.

"नाही आला," ती म्हणाली. "मला कशाचाच वास येत नाही."

मला वाटलं, आत्ता, या क्षणी, घाबरल्यामुळे. "येईल," म्हटलं, "जरा श्वास घे."

"अहो, तापापासून. पाच आठवडे झाले. भात जळला, नाही आला. तुम्ही टर्पेंटाइनने भिजून समोर बसलात, नाही आला."

"म्हणजे तू बघितलंस ते?"

"सदऱ्यावरचा डाग बघितला. वास शोधत होते. सगळं जेवण होईपर्यंत शोधत होते."

माझ्या डोक्यात सगळं गरगरलं. चिकटपट्ट्या. तारखा. मोहरी. फुलं. गॅस का पेटवत नाही ते. मी म्हटलं, "आणि चिठ्ठ्या?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हाला कसं माहीत? हाताखालची मुलगी आहे, ती आधी वास घेते आणि चिठ्ठीवर लिहून ठेवते. मी तेच मोठ्याने सांगते. बावीस वर्षांचं नाव, आणि पाच आठवडे मी कॉपी करून पास होतेय." मग ती रडली. हुंदके देऊन. वरच्या मजल्यावरच्या आजी डोकावून परत गेल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्या सोमवारी सांगणार होते. तुम्हीच म्हणालात ना? हत्यार गेलं की कारागीर संपला. नुसतं बसवून ठेवायचं माणूस."

मी तिला धरलं फक्त. तिने माझ्या सदऱ्यात नाक खुपसलं. आज मी कपडे बदलले नव्हते. तरी तिने काढून घेतलं नाही.

आणि मी कसला संशय घेत होतो! हे तिला कधीही सांगणार नाही. खिळ्याशी तर उद्यापासून अबोलाच.

जेवण: नाही. दोघांनीही.

शुक्रवार, २२

डॉक्टरांकडे गेलो, सोबत. ते म्हणाले, विषाणूच्या तापानंतर होतं असं. बहुतेकांचं परत येतं, काहींचं अर्धं येतं, काहींचं नाही येत. सराव करायचा. चार डब्या करा, चार ओळखीचे वास. सकाळ-संध्याकाळ, एकेक डबी थोडा वेळ, आणि तो वास आठवायचा.

ही म्हणाली, "पुढच्या महिन्यात सत्तावीस तारखेला परीक्षा आहे." दर तीन महिन्यांनी असते तशी. डोळ्यांवर पट्टी, बारा कागदी पट्ट्या, बारा वास. नवाच्या खाली आलं की वासाच्या खोलीतून बाहेर. हिचे आजवर कधी बाराचे अकरा झालेले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "सत्तावीसचं वचन मी देत नाही." निघताना मला हळूच म्हणाले, "आणि मित्राला सांगा, आता चिठ्ठ्यांची काळजी नको." मी कानापर्यंत लाल.

घरी येऊन तीन डब्या केल्या. लिंबाची साल, लवंग, गुलाब. चौथी काय ठेवायची ते ठरेना. कॉफी म्हटलं तर नाही म्हणाली. मग दाराबाहेरच्या डब्यातून माझी पॉलिशची चिंधी घेऊन आली आणि चौथ्या डबीत कोंबली. मी म्हटलं, "अगं, हा वास तुला कधीच आवडला नाही."

"आवडायचा कुठे संबंध आहे? हा मला झोपेतही यायचा."

रविवार, २४

आजपासून सॅलड मी करतो. गॅसजवळ तिला एकटीला जाऊ देणार नाही, आणि हुंगायचं काम माझ्याकडेच आहे, तर बाकीचंही माझ्याकडे. पहिला प्रयत्न फसला. चिकन कोमट असतानाच दह्यात टाकलं, दही सुटलं. काकडीच्या बिया काढल्या नाहीत, मीठ आधी घातलं, सगळ्याला पाणी सुटलं. चमच्याने प्यायलो आम्ही. ही म्हणाली, "सूप पाहिजे होतं ना तुम्हाला? घ्या." पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

बुधवार, ४

महिना बदलला. डॉक्टरांची वही भरली, पण सवय लागली लिहायची.

आता जमतं. चिकन पूर्ण गार होऊ द्यायचं. रेषेच्या दिशेने सोडवायचं, लाकडाला रेषेने पॉलिश पेपर मारतात तसं, म्हणजे भुगा होत नाही. कांदा गार पाण्यात. मीठ अगदी वाढताना. कालवताना मी तिला सांगतो, लिंबाचा वास असा असा आहे, काकडीचा म्हणजे... आणि अडतो. काकडीचा वास कसा असतो? बावन्न वर्षांत मी कधी विचार केला नव्हता. ती म्हणते, "हिरवा. हिरवा आणि ओला." ती आठवून सांगते, मी हुंगून खात्री करतो. दोघांत मिळून एक नाक.

डब्या: चारही शून्य.

शनिवार, १४

लिंबू! सकाळी ओरडली, मी दाढी अर्धी टाकून धावलो. पुन्हा घेतलं तर गेलं होतं. "होतं," म्हणाली, "आत्ता होतं. शप्पथ." दिवसभर लिंबाची साल घेऊन फिरत होती.

काल तिने मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांसकट. त्या मुलीवर आळ येऊ दिला नाही. मी विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाली, "म्हणाल्या, परीक्षा तर द्यावीच लागेल. मग ठरवू." मी तिला शहाणी म्हणू की वेडी, मला ठरवता येत नाही. अजून दोन आठवडे कुणालाही कळलं नसतं. पण त्या संध्याकाळी ती तीन वाट्या सॅलड जेवली.

शुक्रवार, २७

आज मी अर्धा दिवस काम करून आलो. आंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले. आज तरी घराला काही त्रास नको. कांदा पाण्यात टाकला, काकडी चिरली, चिकन सोडवायला घेतलं. सहाला जिन्यात पावलं वाजली. हळू चढत होती.

पर्स खुंटीला लावली. समोर बसली. मी विचारलं नाही. चिकन सोडवत राहिलो. एक तंगडी तर इतकी बारीक सोडवली की तिची लोकर झाली.

"तीन," ती म्हणाली.

"बारापैकी?"

"बारापैकी तीन."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "नऊ ओळी कोऱ्या सोडल्या. ती पोरगी मागे उभी राहून खोकत होती, इशारे देत होती. तिला बाहेर पाठवलं. अंदाजाने एकही सांगितलं नाही."

"मग आता?"

"सोमवारपासून पॅकिंगला. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतील. बाई म्हणाल्या, जागा भरणार नाही तोवर." आवाज जरा फाटला तिचा. मी दह्याचा हात तसाच तिच्या हातावर ठेवला.

"लिंबू आलं?"

"आलं. लवंग आली. गुलाब नाही."

"मग तिसरं कुठलं?"

ती एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती, मला कळेना हसतेय की रडतेय. म्हणाली, "पाचवी पट्टी होती. काहीच नाही, काहीच नाही. सोडून देणार होते. आणि एकदम मला आपला जिना दिसला. डोळ्यांवर पट्टी, आणि जिना समोर. दुसरं वळण. आणि माझ्या तोंडातून मोठ्याने निघालं, 'अहो, आधी कपडे!'"

"परीक्षेत?"

"परीक्षेत! सगळी खोली हसली. बाई म्हणाल्या, हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, पाइन आहे. पाइनचा साबण. लिहून घ्या."

पाइनच. टर्पेंटाइन त्याच झाडाच्या चिकातून निघतं, हे मला थोरल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. मी त्यांना संपलेला म्हटलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलेलं नाही, पण माझ्या कानावर आहे.

मीठ घातलं, कालवलं, वाढलं. तिने पहिला घास घेतला, मग थांबली. टेबलावरून वाकून माझ्या सदऱ्याजवळ नाक आणलं. एकदा, दोनदा. तोंड पाडून बसली.

"आंघोळ केलीत तुम्ही?"

"केली. मुद्दाम केली."

"आजच कशाला केलीत?"

संध्याकाळी: थंड चिकन, ब्रेड. मोहरी बेताची. पित्त नाही.